रुग्णाने विचारलंच नाही, तर औषध कशापासून बनलंय ते आपण सांगायचं का?

भूलवाली
मी भूलतज्ज्ञ आहे. धर्मशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे विचारतेय.

मागच्या आठवड्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉर्डात एक निवृत्त मुस्लिम शिक्षक होते. सगळा वॉर्ड त्यांना मास्तरच म्हणायचा. पायात गुठळी होऊ नये म्हणून पोटावर रोज एक इंजेक्शन देतात, एनोक्सापॅरिन. तिसऱ्या दिवशी सिस्टर सुई घेऊन गेली तर मास्तर म्हणाले, "बाळ, जरा खोका दाखव." चष्मा नाकावर ओढला, आतला तो घडीघडीचा कागद पांघरुणावर पसरला आणि ओळीवर बोट ठेवून वाचत बसले. थोड्या वेळाने मला बोलावणं. "डॉक्टर, हे डुकराच्या आतड्यापासून काढतात असं लिहिलंय. खरं का?"

खरं होतं. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि त्याच्या या भावंडांचा कच्चा माल म्हणजे डुकराच्या आतड्याचं अस्तर. हे मी कॉलेजात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय. पण इंजेक्शन लिहून देताना एकदाही मनात आलं नाही. गडबडून मी म्हटलं, "जिवावर बेतलं तर चालतं ना तुमच्यात?" मास्तर अगदी शांतपणे म्हणाले, "चालतं की नाही ते मला ठाऊक आहे. मला आधी विचारलं का नाही, एवढंच विचारतोय."

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्राणीजन्य घटक असलेली औषधं आपण सर्रास देतो. रुग्ण मुस्लिम आहे हे नावावरून कळतं, मग आपणहून सांगायचं? की तो विचारेपर्यंत गप्प बसायचं? आणि सांगितल्यावर त्याने नाही म्हटलं, गुठळी झाली, तर?

गोळीबार
औषधविक्रेता आहे, नावावर जाऊ नका.

सगळं सांगायचं म्हटलं तर तुमची ओपीडी संध्याकाळपर्यंत चालेल. कॅप्सूलचं टरफल बहुधा जिलेटिनचं, ते गाईचं किंवा डुकराचं. स्वादुपिंड काम करत नसेल तर जी पाचक एन्झाइमं देतात ती डुकराचीच, त्याला धड पर्याय नाही. हृदयाच्या काही झडपा डुकराच्या, काही गाईच्या हृदयाभोवतीच्या पिशवीपासून केलेल्या. पूर्वी इन्सुलिनसुद्धा डुकराचं नाहीतर गाईचं असायचं, १९८२ मध्ये जीवाणूंकडून तयार करून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं आणि तो प्रश्न मिटला.

तुमच्या मास्तरांपुरतं बोलायचं तर फोंडापॅरिनक्स नावाचं इंजेक्शन पूर्ण कृत्रिम आहे. मूत्रपिंड धड नसेल तर जपून, आणि रक्तस्राव झाला तर त्याला ठरावीक उतारा नाही. पण पर्याय आहे.

तिरकस
चपला जशा दाराबाहेर काढतो तसा धर्मही दवाखान्याच्या दाराबाहेर काढावा. उद्या कोणी म्हणेल अमुक वारी सलाईन नको. डॉक्टरने कुठे कुठे पुरं पडायचं?

दुर्बीण
@तिरकस, मास्तरांनी इंजेक्शन नाकारलंय असं धाग्यात कुठेच नाही. त्यांनी "विचारलं का नाही" असं विचारलंय. हा धर्माच्या आधी संमतीचा प्रश्न आहे. कडक शाकाहारी माणसाला जिलेटिनची कॅप्सूल गुपचूप दिली तर तोही चिडेल.

तिरकस
चिडेल, पण बरा होऊन चिडेल.

तालिब
थोडं शास्त्र सांगतो. मी मौलवी नाही, फिकहचं, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचं, चार-पाच वर्षं शिक्षण घेतलंय आणि पोट दुसऱ्याच धंद्यावर भरतो.

डुक्कर निषिद्ध आहे हे सर्वांना माहीत. पण कुरआनच्या ज्या आयतीत ते निषिद्ध म्हटलंय (सूरह बकरा, १७३), त्याच आयतीत पुढे म्हटलंय की जो नाइलाजाने, मर्यादा न ओलांडता खाईल त्याच्यावर पाप नाही. म्हणजे बंदी आणि सवलत एकाच श्वासात. यावरून नियम निघाला, निकड असेल तर निषिद्धही मोकळं होतं. या निकडीला 'जरूरत' म्हणतात, मराठीतला 'जरूर' तोच. पण त्याला अटी आहेत. धोका खरा हवा, नुसती शंका नको. हलाल पर्याय नसावा. आणि निकड जेवढी तेवढंच घ्यायचं, वर दोन घास नाही.

आता गंमत बघा. या अटींतली एकही मुफ्तींना (फतवा देणाऱ्या धर्मपंडितांना) तपासता येत नाही. धोका किती, पर्याय आहे का, डोस किती, हे सगळं डॉक्टर सांगणार. जुन्या ग्रंथांत तर 'भरवशाचा हकीम सांगेल तर' असं स्पष्ट येतं. त्यामुळे भूलवाली, तुम्ही म्हणालात की धर्मशास्त्रातलं कळत नाही, पण मास्तरांच्या धर्मशास्त्रातला अर्धा निकाल तुमच्या हातात आहे. "जिवावर बेतलं तर चालतं ना" हा निकाल तुम्ही दिलात, मात्र त्याला लागणारा पुरावा दिला नाहीत. फोंडापॅरिनक्स आहे हे कुठे सांगितलंत?

भूलवाली
@तालिब, लागलं. पण बरोबर आहे.

गोळीबार
मुफ्ती म्हणतात डॉक्टरांना विचारा, डॉक्टर म्हणतात मुफ्तींना विचारा. आणि सरतेशेवटी दोघांचा रुग्ण माझ्या काउंटरवर येऊन विचारतो, "भाऊ, यात काय असतं हो?"

तालिब
हाहा, अगदी.

जिलेटिनचं राहिलं. तिथे 'इस्तिहाला' नावाची वेगळी वाट आहे. एखादी वस्तू मुळातून बदलून दुसरीच झाली तर जुना हुकूम तिला लागू होत नाही. दारूचा शिरका (व्हिनेगर) झाला की तो हलाल, हे नेहमीचं उदाहरण. फिकहच्या चार पंथांपैकी (मजहब) हनफी आणि मालिकी ही वाट बरीच मोकळी ठेवतात, शाफई आखडती. कुवेतच्या इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेच्या १९९५ च्या परिसंवादात जिलेटिन या वाटेने चालतं असं ठरलं. पण हाडाचं जिलेटिन खरोखर 'दुसरीच वस्तू' होतं का, यावर आजही वाद आहे. रसायनशास्त्रज्ञ एक सांगतात, फकीह (फिकहचे जाणकार) दुसरं विचारतात.

वाचनमात्र
वाखुसा (वाचनखूण साठवली).

दुर्बीण
इंडोनेशियाचं उदाहरण या धाग्यात यायलाच हवं. २०१८ मध्ये गोवर-रुबेलाच्या लसीवरून तिथे गदारोळ झाला. तिथल्या उलेमा परिषदेने सांगितलं की लस बनवताना डुकराचा अंश वापरलाय म्हणून ती हराम आहे, पण निकड आहे आणि हलाल पर्याय नाही म्हणून वापरायला परवानगी आहे. एकाच फतव्यात दोन्ही. शास्त्र म्हणून चोख. पण लोकांच्या कानावर पडला तो पहिला शब्द. जावा बेटाबाहेर मोहीम रखडली, आचेसारख्या प्रांतात फारच थोड्या मुलांना लस मिळाली.

म्हणून @भूलवाली, कसं सांगायचं हा प्रश्न सांगायचं की नाही याच्याइतकाच मोठा आहे. "यात डुक्कर आहे, पण..." असं सुरू केलंत तर 'पण'च्या पुढचं कोणी ऐकत नाही.

तिरकस
म्हणजे न सांगितलेलंच बरं, हेच मी म्हणत होतो.

दुर्बीण
उलट. मोहीम सुरू होऊन वाद पेटल्यावर फतवा आला. लोकांना आधी विश्वासात घेतलं असतं तर? मास्तरांचंही तेच झालं की, तिसऱ्या दिवशी खोक्यावरून कळलं.

चांदरात
डुकरावर सगळे बोलतात, ते सोपं पडतं. माझ्या घरातला प्रश्न वेगळा आहे. लांबण लागेल, माफ करा.

माझ्या अब्बांना वीस वर्षांपासून मधुमेह. दर रमजानला घरात तेच. आम्ही म्हणणार रोजे नका धरू, ते म्हणणार बघू. त्यांच्या डॉक्टरांना विचारलं की एका शब्दात उत्तर, "अजिबात नाही." डॉक्टरांचं काम झालं. अब्बा मान हलवून घरी यायचे आणि पहिल्या दिवसापासून रोजा धरायचे. डॉक्टरांना 'धरत नाही' सांगायचे. म्हणजे औषध नेहमीच्या डोसने, सकाळची गोळी सहरीला (पहाटेच्या जेवणाला), आणि मग दिवसभर पोटात काही नाही.

एका वर्षी असरच्या (दुपारनंतरच्या नमाजाच्या) सुमाराला मी त्यांच्या खोलीत गेले. जानमाजवर (नमाजाच्या चटईवर) बसलेले, कुर्ता पाठीला चिकटलेला, हातातली तसबीह (जपमाळ) थरथरत होती. मला बघून भलत्याच नावाने हाक मारली. साखर तपासायचं यंत्र कपाटात, पिशवीची गाठही न सोडलेली. बोटातून रक्त काढलं की रोजा तुटतो अशी त्यांची समजूत. खरं तर बहुतेक आलिमांच्या (धर्मपंडितांच्या) मते तपासणीसाठी टोचून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, ना डॉक्टरांनी, ना मशिदीत. साखर ४८ होती. साखरेचं पाणी तोंडाला लावलं तर ओठ घट्ट मिटून घेतले. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अब्बा, आता हे न पिणं गुनाह आहे." तेव्हा प्यायले.

कुरआनात आजारी माणसाला सवलत आहे, नंतर भरून काढायची. कायमचा आजार असेल तर फिदया, एका गरिबाला जेवण. अब्बांना हे पाठ आहे. पण त्यांच्या लेखी सवलत घेणं म्हणजे हरणं. आणि ते एकटे नाहीत. २००१ साली १३ देशांत मोठी पाहणी झाली होती, त्यात टाइप टू मधुमेहाचे सुमारे ७९ टक्के मुस्लिम रुग्ण रमजानमध्ये किमान पंधरा दिवस रोजे धरतात असं दिसलं, टाइप वनचे सुमारे ४३ टक्के. साखर एकदम उतरून गंभीर अवस्था होण्याचं प्रमाण टाइप टूमध्ये साडेसात पट झालं होतं. म्हणजे "अजिबात नाही" हा सल्ला कागदावरच राहतो.

पुढच्या वर्षी डॉक्टर बदलले. या बाई मुस्लिम नाहीत. त्यांनी शाबानच्याही (रमजानच्या आधीचा महिना) आधी, दोन महिने अगोदर, स्वतःहून विचारलं, "चाचा, या वर्षी रोजे किती धरणार आहात?" धरणार का नाही, किती! अब्बा चक्क खरं बोलले. मग त्यांनी गोळी बदलली, मोठा डोस इफ्तारला नेला, आणि एक कागद दिला: ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा सोडायचा, वाद नाही. अब्बांनी तो कागद इमामसाहेबांना दाखवला. इमामसाहेब म्हणाले, डॉक्टर म्हणतात तिथे सोडायचा, सोडणं हीच इबादत. त्या वर्षी अब्बांनी बारा रोजे धरले, तीन मध्येच सोडले, बाकीच्यांचा फिदया दिला. यंत्राची पिशवी आता जानमाजशेजारी असते.

भूलवाली, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: विचारा. रुग्ण विचारेल याची वाट पाहू नका, आमची माणसं विचारत नाहीत. गप्प बसून आपल्या मनाचं करतात.

गोळीबार
दंडवत. "किती धरणार" हा प्रश्न मी चोरतोय.

तिरकस
@चांदरात, वरचं चपलांचं वाक्य अर्धं मागे घेतो. उरलेलं अर्धं संध्याकाळपर्यंत विचार करून सांगतो.

जुनापुराणा
थोडं अवांतर, पण राहवत नाही.

डॉक्टरच्या जबाबदारीबद्दल एक हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, अबू दाऊदच्या संग्रहात: ज्याला वैद्यकाचं ज्ञान आहे असं कोणाला ठाऊक नाही आणि तरी जो उपचार करतो, तो नुकसानीला जबाबदार. दहाव्या शतकात बगदादला एक रुग्ण वैद्याच्या चुकीने दगावला, तेव्हा खलिफा मुक्तदिरने फर्मान काढलं की परीक्षा दिल्याशिवाय कोणी वैद्यकी करायची नाही. साल ९३१. परीक्षक नेमला सिनान इब्न साबित, आणि शहरातल्या आठशेहून जास्त वैद्यांना त्याच्यापुढे बसावं लागलं.

त्याच्याही आधी, नवव्या शतकात, रुहावीने 'अदब अल-तबीब' म्हणजे वैद्याचे शिष्टाचार हा ग्रंथ लिहिला. रुहावी स्वतः मुस्लिम होता की नाही यावर अभ्यासकांचं एकमत नाही आणि पुस्तकात ग्रीक वैद्य गॅलन पानोपानी आहे. 'इस्लामी वैद्यकीय नीती' म्हणून आपण जे सांगतो त्याच्या पायात ग्रीक, ख्रिस्ती, ज्यू असे बरेच दगड आहेत. कैरोला १२८४ मध्ये सुलतान कलावूनने रुग्णालय बांधलं, ते वक्फच्या (धर्मादाय मालमत्तेच्या) उत्पन्नावर चालायचं.

तिरकस
आठशे वैद्य एका परीक्षेला! कॉपी किती झाली असेल.

जुनापुराणा
गोष्ट आहे की. एक म्हातारा वैद्य आला, लिहिता-वाचता येईना, पण म्हणाला घरचं पोट याच्यावर चाललंय. सिनानने त्याला धंदा करू दिला, अट घातली की न समजणाऱ्या रोगाला हात लावायचा नाही आणि रक्त काढायचं नाही.

रात्रपाळी
कमी दिवसांच्या बाळांच्या कक्षात नर्स आहे. मुस्लिम आहे, म्हणून दोन्हीकडून माझ्यावर ढकलतात. डॉक्टर म्हणतात "तूच समजाव", घरचे म्हणतात "तू तर आपली, तू सांग खरं काय".

आमच्याकडे भांडण डुकरावरून कमी, दुधावरून जास्त. इस्लाममध्ये दुधाचं नातं रक्तासारखंच. ज्या बाईचं दूध प्यालं ती आई, तिची मुलं भावंडं, त्यांच्याशी निकाह नाही. आता दूधपेढीत पाच-दहा बायांचं दूध एकत्र, नाव नाही गाव नाही. मग उद्या हे बाळ मोठं होऊन नकळत दूधभावाशी लग्न करेल ही भीती. १९८५ मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने दूधपेढ्यांना मनाईच केली. धर्मपंडित युसूफ करदावींचं मत उलटं: बाळाने स्तनाला लागून प्यालं तरच नातं जडतं, नळीने-चमच्याने दिलेल्या दुधाने नाही, म्हणून पेढी चालते. हनफींकडे एक घोटसुद्धा पुरे, शाफईंकडे पाच वेळा पोटभर हवं.

आणि इकडे काचेच्या पेटीत नऊशे ग्रामचं बाळ. त्याला पावडरचं दूध दिलं तर आतडं सडण्याचा तो भयंकर आजार होण्याची भीती जास्त. आईला दूध आलेलं नाही. तिची सासू दाराशी उभी, म्हणते, "कोणाचं दूध ते सांगा, मग देऊ."

मला ते वाक्य ऐकून एकदम सुचलं, हिला दूध नको असं नाही, हिला नाव हवंय. पेढीवाल्यांशी बोलून एकाच बाईचं, न मिसळलेलं दूध मिळवलं. त्या बाईला विचारलं, तिची हरकत नव्हती. दोन चिठ्ठ्या लिहिल्या, दोन्ही घरची नावं, एक इकडे, एक तिकडे. सासूने चिठ्ठी वाचली, दोनदा घडी घातली आणि कुरआनच्या जुझदानात (कापडी वेष्टनात) ठेवली. मग म्हणाली, "द्या."

बाळ आता तीन वर्षांचं आहे. दोन्ही घरांचं येणंजाणं आहे म्हणे.

वाचनमात्र
डोळे पाणावले.

आडवाट
@रात्रपाळी, "हिला नाव हवंय" हे फार मोलाचं.

मी अवयवदानासाठी नातेवाइकांशी बोलायचं काम करते. तिथे नाव देऊन भागत नाही, कारण प्रश्नच 'मेलाय का' हा असतो. १९८६ मध्ये अम्मानला त्याच फिकह अकादमीने ठरवलं की मेंदूचं काम कायमचं थांबलं आणि तज्ज्ञांनी तसं सांगितलं तर तो मृत्यूच. पुढच्याच वर्षी मक्केच्या फिकह परिषदेने म्हटलं, यंत्र काढायला हरकत नाही, पण शरीअतच्या दृष्टीने मृत्यू हृदय थांबल्यावरच. इराणने २००० मध्ये मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानाचा कायदा केला. म्हणजे समोरच्या कुटुंबाला कोणता आलिम भेटलाय त्यावर पुष्कळ अवलंबून.

एकदा एक भाऊ मला म्हणाला, "छाती वरखाली होतेय, अंग गरम आहे, आणि तुम्ही म्हणता गेलाय." त्याला कुठलाही ठराव वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. तो मृताचं हाड मोडणं हे जिवंताचं हाड मोडण्यासारखंच, ही हदीस सांगत होता. त्याची बहीण 'एक जीव वाचवला त्याने जणू सगळ्या मानवजातीला वाचवलं' ही आयत सांगत होती. दोघं एकाच बाकावर. मी उठून बाहेर आले. त्यांनी नाही म्हटलं. मी त्यांच्या जागी असते तर काय म्हटलं असतं, अजून सांगता येत नाही.

तिरकस
माझा मुद्दा हाच की एकमत नसेल तर डॉक्टरने कुठलं मत धरायचं? चार मजहब, दोन परिषदा, सासू वेगळी.

तालिब
@तिरकस, डॉक्टरने मत धरायचंच नाही. रुग्ण कुठल्या वाटेने जातो ते बघून ती वाट मोकळी करायची. मतभेदाला आमच्यात वाईट मानत नाहीत, त्यातूनच माणसाला सवलत सापडते.

शिवाय प्रत्येक वेळी उपचार घेतलाच पाहिजे असंही नाही. बुखारी आणि मुस्लिम या हदीससंग्रहांत एका बाईची गोष्ट आहे. तिला फेफरं यायचं. पैगंबरांकडे दुआ मागायला आली. ते म्हणाले, सबर (धीर) केलास तर जन्नत, हवं तर बरी व्हावीस म्हणून दुआ करतो. तिने सबर निवडलं. फक्त एवढंच मागितलं की फेफऱ्यात अंग उघडं पडतं, ते पडू नये. तिचा आजार राहिला, लाज झाकली गेली. बऱ्याच फकीहांनी यावरून म्हटलं की उपचार नाकारणं हे मुळात पाप नाही. मात्र स्वतःहून मरण ओढवून घेणं, कोणाला सुईने मारणं, याला परवानगी नाही.

रात्रपाळी
ही गोष्ट मी सगळ्या नव्या सिस्टरना सांगते. अर्धं काम त्या शेवटच्या मागणीत आहे. चादर नीट ओढणं.

कडूकिराईत
बाईमाणसाला पुरुष डॉक्टर चालतो का, यावर कोणी बोललं नाही.

तालिब
१९९३ मध्ये फिकह अकादमीने क्रम लावून दिलाय. आधी मुस्लिम स्त्री डॉक्टर, नाही तर बिगरमुस्लिम स्त्री, नाही तर मुस्लिम पुरुष, नाही तर बिगरमुस्लिम पुरुष. पुरुष असेल तर गरजेपुरतंच पाहावं आणि एकांत नको.

चांदरात
आणि कळा सुरू झाल्या की क्रम कोणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या वेळी समोर होता तो डॉक्टर. दुआ दिली त्याला.

वाचनमात्र
डुकराचं हृदय माणसाला बसवलं होतं ना मध्ये?

गोळीबार
जानेवारी २०२२, अमेरिकेत मेरीलँड. जनुकं बदललेल्या डुकराचं. रुग्ण साधारण दोन महिने जगला. आणि त्या संशोधनाचे एक प्रमुख डॉक्टर मुहम्मद मोहिउद्दीन, जन्माने पाकिस्तानी.

तिरकस
संध्याकाळ झाली. चपलांचं उरलेलं अर्धं वाक्यही मागे घेतो. पण कामाचा ढीग वाढतो हे माझं म्हणणं कायम आहे.

भूलवाली
धागाकर्ती परत आले. सगळं वाचलं, दोनदा.

मास्तरांचं सांगते. तालिबने झापल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेले. खुर्ची ओढून बसले, कधी नव्हे ते. सांगितलं की दुसरं इंजेक्शन आहे, तुमचं मूत्रपिंड ठीक आहे म्हणून देता येईल, पण रक्तस्राव झाला तर थांबवायला ठरावीक उतारा नाही. पहिलं चालू ठेवलं तरी चालेल. काहीच घेतलं नाही तर गुठळीचा धोका खरा आहे, शंका नाही. 'खरा' आणि 'शंका' हे शब्द मुद्दाम वापरले, तालिब. मास्तरांनी विचारलं, "आधी तीन घेतलीत त्यांचं काय?" मला उत्तर येईना. तेच म्हणाले, "नकळत झालं, त्याचा हिशेब नाही." आणि दुसरं इंजेक्शन निवडलं. सर्जनसाहेब जरा कुरकुरले, मग सही केली.

आता मूळ प्रश्न. नाव बघून आपणहून सांगायचं का, तर मला वाटतं नाव बघायचंच नाही. ऑपरेशनपूर्वीच्या अर्जात एक ओळ घालून घेतली, सगळ्यांसाठी: औषधांत प्राण्यांपासून मिळवलेला घटक असल्यास हरकत आहे का, असल्यास कोणता प्राणी. पहिल्याच दिवशी "आहे, कोणताही" असं लिहिणाऱ्या एक शाकाहारी आजी निघाल्या. कॅप्सूल नको म्हणाल्या. गोळीबार, तुम्हाला फोन करणारी ती मीच.

@तिरकस, ढीग वाढला. रोज प्रत्येकामागे मिनिट-दीड मिनिट.

मास्तर काल टाके काढायला आले होते. कौतुकाने त्यांना नवा अर्ज दाखवला. खिशातून लाल पेन काढलं. 'प्राणीजन्य'मधला दीर्घ खोडून 'प्राणिजन्य' केलं, आणखी एक वेलांटी बदलली, आणि कागद परत दिला. या धाग्यातही वर मी चुकीचंच लिहिलंय, आता संपादन करता येत नाही.

तिरकस
मास्तरांना इथे सदस्य करून घ्या. माझे प्रतिसाद त्यांच्याकडून तपासून घेईन.

वाचनमात्र
कोणी सांगेल का, आईची थायरॉइडची गोळी कशाची असते? ती वर्षानुवर्षं घेतेय.

गोळीबार
नेहमीची थायरॉक्सिनची गोळी कृत्रिम असते. वाळवलेल्या ग्रंथीपासून केलेली एक जुनी येते, ती डुकराची. आईकडून खोका मागून घ्या आणि वर काय लिहिलंय ते इथे टाका.